ओल्या हाताची बोरं

कडूबाईचा हात ओला आहे, हे ताडकळसच्या वाटेवरल्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओला म्हणजे पाण्यात भिजलेला नव्हे. हात धुवा, पुसा, उन्हात तापवा, त्या हातानं वाळत घातलेली वस्तू वाळायची नाही, बुरसायची, असा त्याचा अर्थ. हा निकाल तिच्या सासूनं, भिवराबाईनं दिला होता, आणि भिवराबाईच्या निकालावर वरचं कोर्ट नव्हतं.

त्या आळीची रीतच तशी होती. वाळवण कुठलंही असो, शेवया, कुरडया, सांडगे, नाहीतर थंडीतली बोरं, पहिली मूठ कोरड्या हाताच्या बाईनं टाकायची, मग बाकीच्यांनी. कोरडा हात म्हटला की भिवराबाई. लग्नाच्या घरी कुरडया करायच्या ठरल्या की भटजीच्या आधी तिला सांगावा जायचा, आणि तीही जाताना असा पदर खोचून जायची की जणू पाडव्याची गुढी हिनंच उभारायची आहे. कडूबाई नवी नवरी होऊन आली त्या साली मात्र सासूला कौतुकाचा उमाळा आला. 'लक्ष्मी घरात आलीय, पहिली मूठ तिच्या हातानं होऊ द्या,' म्हणाली. कडूबाईनं शिडी चढून घराच्या सपाट छतावर, माळवदावर, लाजत-लाजत बोरांची पहिली मूठ टाकली. आठवड्याच्या आत बोरांवर पांढरी लव धरली आणि आंबूस वास अंगणात उतरला. बोरं उकिरड्यावर गेली. त्यांच्याबरोबर कडूबाईची इज्जतही गेली.

एकदा नाव निघालं की मग काय, निमित्ताला काय तोटा. पुढं कधी कुरडया चिरल्या, तर त्याच वेळी कडूबाई खालून घागर घेऊन गेली होती. जावेच्या पापडांना अळी झाली, तर हिनं सकाळी त्यांच्याकडं बघितलं होतं. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, हिच्याकडं तरी काळानं बघू नये म्हणून आईबापांनी मायेनं कडू नाव ठेवलेलं. तेही लोकांच्या कामी आलं. बारा वर्षं झाली, अंगणातल्या शिडीची पहिली पायरी ही कडूबाईची हद्द होती. वर सासूचं आणि थोरल्या जावेचं, अंबाबाईचं राज्य.

गंमत अशी की बांधावरच्या बोरी झोडायला, काट्यांत हात घालायला, पाट्या डोक्यावर वाहून आणायला हाच हात चालायचा. कोपरापर्यंत ओरखडे घेऊन ती एकदा सासूला म्हणाली, "तोडताना माझा हात कोरडा आन् वाळू घालताना वला, हे कसं व्हो आत्याबाई?"

"तोडलेलं बोर वलंच आसतंय," भिवराबाई म्हणाली. "वल्याला वला हात चालतो."

कडूबाईनं रिकामी पाटी उचलली, पण मनातून विषय सोडला नाही. तिला सोनं नको होतं, नाणं नको होतं. तिला आपल्या हाताचा निकाल फिरवून हवा होता. आळीतल्या बायांच्या देखत पहिली मूठ तिनं टाकावी आणि कुणी 'अगं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवू नये, एवढंच. रात्रंदिवस ती हेच चघळायची, बोराची आठोळी गालात धरल्यासारखी.

त्या साली बोरं अशी आली होती की फांद्या बांधाला टेकल्या. सगळी लाल, गोड, आंबटाचा नुसता इशारा असलेली. माळवद झाकून गेलं. बोरं अर्धी वाळली आणि माळेगावच्या जत्रेची वेळ झाली. मेंढरं पाळणारं घर, खंडोबाला न जाऊन कसं चालेल? भिवराबाई, अंबाबाई, घरातले दोघे भाऊ, सगळे निघाले. घरातल्या शेळ्यांपाशी एक माणूस लागतं, ते माणूस कडूबाई. कडूबाईचा नवरा मल्हारी जाताना तिला एवढंच म्हणाला, "वर जाऊ नको, उगं माय भांडंल." मल्हारी भला माणूस होता, पण आईसमोर त्याचं अन् कोकराचं बोलणं एकच.

बोरांचा जिम्मा शेजारच्या कमलबाईवर पडला. भिवराबाईनं तिला शिडीपाशी उभं करून तालीम दिली. सकाळी हलवायची, संध्याकाळी गोळा करून ढीग लावायचा. "आन् आभाळ आलंच, तर ही घोंगडी टाक. मेंढराच्या लोकरीतून पाण्याचा थेंब जात न्हाई. आन् हिला," मान कडूबाईकडं, "वर येऊ देऊ नको."

"माझ्यावर सोपवा भिवराबाई," कमलबाई म्हणाली, आणि कंबरेवर हात ठेवून कडूबाईकडं अशी बघू लागली, जशी फौजदार कैद्याकडं बघतो.

मंडळी गेली आणि आभाळ आलं. पौषाच्या तोंडावर पाऊस कुणी मागितला होता? पण आला. झिमझिम, थांबून थांबून. कमलबाईनं हुकमाप्रमाणं बोरांचा ढीग केला आणि त्यावर ती जाड काळी घोंगडी टाकली. वर चार दगड ठेवले आणि खाली येऊन आपल्या घरात चुलीपाशी बसली. संक्रांत त्याच ओल्या हवेत आली. विद्यापीठाच्या नावाचा, कित्येक वर्षं लोंबकळलेला निर्णय त्याच दिवशी रेडिओवर सांगितला. कुठं निळा गुलाल उधळला, कुठं लोक दारं लावून बसले, आणि त्या गडबडीत वस्तीवर येणारी एसटी येईनाशी झाली. जत्रेला गेलेले तिकडंच अडकले.

दुसऱ्या दिवशी कडूबाई भाकरी करत होती. माळवदाच्या घराला चुलीच्या वर उजेडासाठी आणि धुरासाठी एक भोक असतं, त्याला साणं म्हणतात. त्या साण्यातून एक वास खाली उतरला. आंबूस, थोडा गोड, थोडा ताडीसारखा. कडूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. बारा वर्षांपूर्वीचा वास ती विसरली नव्हती. माणूस स्वतःच्या लग्नातली वाजंत्री विसरेल, पण अपमानाचा वास विसरत नाही.

ती कमलबाईच्या दारात गेली. "काकू, घोंगडी काढा. बोरं घामाघूम झालीत आतल्या आत."

"तुला काय ठावं?"

"वास यायलाय."

"भिवराबाईनं सांगितलंय, आभाळ हाय तवर घोंगडी. मी काढणार न्हाई आन् तुला काढू देणार न्हाई." कमलबाईनं गुडघ्यावरची वाकळ आणखी वर ओढली. "आन् तू वास घेतलास म्हंतीस, तेच वाईट झालं."

आता मात्र कडूबाईचं डोकं सटकलं. वास घेणंही गुन्हा? ती तडक घरी आली, शिडीला हात घातला. पहिली पायरी, मग दुसरी. बारा वर्षांत पहिलीच्या वर ती गेली नव्हती. वर जाऊन तिनं दगड बाजूला सारले आणि घोंगडीचा कोपरा उचलला. आतून गरम वाफ आली, न्हाणीघरातून यावी तशी. ढिगाच्या पोटात हात घातला तर बोरं ऊन आणि चिकट. आणि मधोमध, चार-दोन मुठींवर, तीच पांढरी लव.

कडूबाई तशीच खाली बसली. मग एकदम हसू आलं तिला. पाऊस तोंडावर पडत होता आणि ती एकटीच हसत होती. या बोरांना तिचा हात लागला नव्हता. पहिली मूठ भिवराबाईची, राखण कमलबाईची, आणि बुरशी तीच. घोंगडी बाहेरचं पाणी आत येऊ देत नव्हती हे खरं, पण आतली वाफही बाहेर जाऊ देत नव्हती. त्या साली, लग्नाच्या साली, आभाळ होतं का? होतं. तिला आठवलं, नव्या लुगड्यावर चिखल उडाला म्हणून ती रडली होती. आणि घोंगडी? रात्री सासू काहीतरी काळं घेऊन शिडी चढली होती. हीच.

आता नुसतं बसायचं होतं. घोंगडी होती तशी टाकायची, खाली उतरायचं आणि सासू येईपर्यंत शेळ्या राखायच्या. बोरं कुजली असती, आणि कमलबाईच्या हातानं कुजली असती. कडूबाई सुटली असती, बोटही न उचलता. मोह साधा नव्हता. तिनं घोंगडीचा कोपरा खरंच एकदा खाली सोडलाही.

पण कडूबाई वेडी नव्हती. कमलबाईच्या हाती बोरं कुजली म्हणून आपला हात कोरडा कसा ठरेल? तिचाही ओला ठरेल, एवढंच. आळीत एकीच्या जागी दोघी होतील. आणि दुसरं म्हणजे, ही बोरं तिनं तोडली होती. कोपरापर्यंतचे ओरखडे अजून सुकायचे होते. एवढं लाल, गोड फळ डोळ्यांदेखत सडू द्यायचं आणि त्यावर आपलं नाव धुऊन घ्यायचं, हे तिच्या जिवाला रुचेना. "कुजवून न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. "वाळवून दाखवीन."

कुठं वाळवणार, हा प्रश्न तिनं शिडी उतरता उतरताच सोडवला. ओढ्यापलीकडं दत्तरावांच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. पावसामुळं चरक बंद होता, पण उसाच्या कढईखालचं चुलाण पत्र्याच्या छपरात होतं, आणि हंगामभर तापलेली ती माती काही अशी गार होणार नव्हती. तिनं लव धरलेली बोरं वेचून शेळ्यांपुढं टाकली, शेळ्यांनी कुणाचा हात ओला-कोरडा विचारला नाही. उरलेली एकेक जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसली, पाट्यांत भरली आणि वर पोत्याची खोळ घेऊन ओढा ओलांडला.

गुळव्या आश्रुबा छपरात बिडी ओढत बसला होता. कडूबाईच्या डोक्यावरची पाटी बघून तो उठूनच उभा राहिला. "तू मल्हारीची ना? वल्या हाताची?"

"व्हय, मीच."

"मग तितंच थांब. माझा गूळ बसायचा न्हाई. समदा पाक चिकट व्हईल, मालक मला उभा चिरतील."

"कढई रिकामी हाय, दादा. पाक कुठंय?"

"उद्या आसंल की."

"उद्या मी तुमच्या कढईकडं बगणार न्हाई. मागच्या अंगाला, चुलाणाच्या वट्यावर मला जागा द्या. चरक बंद हाय तवर जाळ मी घालते, चुलाण गार होऊ देत न्हाई. गार पडलं तर परत तापवाया तुमाला आर्धा दिस जाईल."

आश्रुबानं विचार केला. हात ओला असेल, पण बाई बोलतेय ते कोरडं खणखणीत होतं. "माज्या गुळाला काय झालं, तर समद्या बाजारात सांगीन," तो म्हणाला.

"आन् काय न्हाई झालं तर?"

"तर बी सांगीन." आणि तो पुन्हा बिडी ओढायला बसला.

कडूबाईनं ऊन मातीवर तरट अंथरलं आणि बोरं पसरली. पहिली मूठ टाकताना हात क्षणभर थांबला, मग तिनं टाकली. उसाच्या चिपाडांचा जाळ ती जपून घालायची. जास्त झाला की बोरं करपणार, कमी झाला की घामेजणार. तासातासाला परतायची. घरी जाऊन शेळ्यांना चारा टाकून परत यायची. कमलबाई एकदा ओढ्यापर्यंत आली, शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि छपरातली बोरं बघून मिटलं. घोंगडीच्या आतल्या अंगाला चिकटून राहिलेली, लव धरलेली बोरं तिनं वर जाऊन बघितली होती. ती परतली आणि संध्याकाळी कडूबाईसाठी भाकरी-पिठलं पाठवून दिलं.

पाऊस गेला. गुऱ्हाळ सुरू झालं, आणि आश्रुबाच्या पहिल्याच कढईची ढेप अशी बसली की ठोकल्यावर घंटेसारखी वाजली. बोरंही वाळली. सुरकुतलेली, गडद तांबडी, मुठीत घेऊन हलवली की खुळखुळणारी. त्यांना उसाच्या धुराचा एक वास लागला होता, उन्हातल्या बोरांना कधी न लागलेला.

मंडळी आली तेव्हा बोरं अंगणात सुपांत होती. भिवराबाईनं खंडोबाचा भंडारा कपाळाला लावायच्या आधी एक बोर तोंडात टाकलं. मग दुसरं. अंबाबाईनं तर मूठच भरली. आळीतल्या बाया जमल्या होत्या.

"कमल," भिवराबाई म्हणाली, "आसल्या आभाळात ही बोरं? तुझा हात माझ्या वरताण निघाला की."

कमलबाईनं पदराशी चाळा केला. हो म्हणायला किती लागतं? एक शब्द. पण ती बोलायच्या आत कडूबाई पुढं झाली.

"हात माझा हाय, आत्याबाई. बोरं मी वाळवलीत. पयली मूठ मी टाकली, पुसली मी, परतली मी."

अंबाबाई चघळता चघळता थांबली. "आन् मी दोन मुठी खाल्ल्या की," ती हळूच म्हणाली, आणि बोर थुंकावं की गिळावं हे न कळून तिनं गिळलं.

"खरंय," कमलबाई म्हणाली. "माझ्या हाती तर घोंगडीखाली वाफ कोंडून बुरसायलीच व्हती."

भिवराबाईनं सुपातली बोरं खालवर केली. शोधूनही काही सापडेना, तेव्हा तिनं शेवटचा डाव टाकला. "आज कोरडी दिसत्यात. वल्या हाताची वल आतून येती. मडक्यात भरा, तोंड लिंपा. शिवरातीला फोडू."

"फोडा," कडूबाई म्हणाली. बारा वर्षांत सासूपुढं एवढा छोटा शब्द एवढ्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती.

मडकं लिंपलं गेलं आणि त्याची बातमी ताडकळसच्या बाजारात पोचली. आश्रुबानं शब्द पाळला होता. गूळ बसला, हे तो गिऱ्हाईकागणिक सांगत होता. कुणी म्हणत होतं बोरं टिकणार, कुणी म्हणत होतं मडक्यात आता नुसता चिखल असेल. कडूबाईला झोप लागत होती का? लागत होती, आणि गाढ लागत होती. तिनं प्रत्येक बोर हातानं चाचपलं होतं. देवावर नाही, पण त्या चाचपण्यावर तिचा भरवसा होता.

महाशिवरात्रीला महादेवाला बोरं वाहायची म्हणून सगळी आळी अंगणात लोटली. भिवराबाईनं मडक्याला कान लावून ते हलवलं. खुळखुळ. तिनं लिंपण खरवडलं, झाकण काढलं. उसाच्या धुराचा आणि गोड-आंबट बोरांचा वास भसकन वर आला, आणि आंबूस म्हणाल तर औषधालाही नाही. तिनं तळापर्यंत हात घातला. तळाची बोरं वरच्यांहून चांगली होती. तिनं एक खाल्लं, आठोळी बाजूला थुंकली आणि म्हणाली, "बरी हायेत."

भिवराबाईच्या तोंडचं 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची हत्तीवरून साखर. आळी ओळखून होती. बायांनी कडूबाईच्या पाठीवर थापा मारल्या. मल्हारीनं तर आईसमोर दोनदा हसून घेतलं. पण रीत म्हणजे रीत. पहिली मूठ कुणाची, यावर कुणी बोललं नाही, आणि कडूबाईनंही विचारलं नाही. मडकं रिकामं झालं, पण निकाल अजून कागदावर आला नव्हता.

तो आला चैत्रात. कमलबाईच्या अंगणात कुरडयांचा चीक शिजत होता, बाज टाकली होती, वर धुतलेलं धोतर अंथरलं होतं. बाया सोऱ्या घेऊन बसल्या होत्या आणि भिवराबाईची वाट बघत होत्या. ती आली, सुनेला बरोबर घेऊन. नेमकं त्याच वेळी उगवतीला ढगाचा एक काळा तुकडा दिसला.

"अगं बाई, आभाळ आलं," अंबाबाई उठली. "घोंगडी आणते."

"बस खाली," भिवराबाई म्हणाली.

अंबाबाई बसली.

"घोंगडी आणू नको. घोंगडीखाली वाफ कोंडती." भिवराबाईनं सगळ्या बायांकडं एकदा बघितलं, मग जमिनीकडं, मग सुनेकडं. तिला हे शब्द जड जात होते, पण एकदा तोंडाशी आलेलं ती गिळणारी नव्हती. "हिच्या लग्नाच्या साली बी आभाळ व्हतं. त्या राती घोंगडी मीच टाकली व्हती, ह्या हातानं. बोरं माझ्या घोंगडीनं कुजली आन् नाव पोरीचं झालं. बारा वर्सं मी तिला शिडी चढू दिली न्हाई. चूक माझी हाय, समद्यांनी ऐका."

चीक पातेल्यात बुडबुडत होता. कडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. भिवराबाईनं सोऱ्या भरला आणि तिच्या हातात दिला.

"टाक पयली. सोऱ्यातला चीक गार व्हायलाय."

कडूबाईनं बाजेवर वाकून पहिली कुरडई टाकली, गोल, घट्ट, मध्ये कुठं न तुटता. बायांनी आपापले सोऱ्या उचलले. तिनं उगवतीच्या ढगाकडं एकदा बघितलं आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, पाऊस आला तर बाज वसरीत घेऊ. तुमी तिकडच्या पायाला धरा."

"धरते," भिवराबाई म्हणाली.